राज्य कोणावर?



लोकमत कोठे तयार होते, या प्रश्नाला पुस्तकी उत्तरे पुष्कळ आहेत. वृत्तपत्रे, विधिमंडळे, सभा-संमेलने वगैरे. वर्ध्याच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, पानठेल्यावर. सायंकाळी बजाज चौकात अर्धा तास उभे राहावे. तीन मते हटकून कानावर येतात. पहिले, 'लोकशाहीने काही व्हायचे नाही जी, कोणी तरी खमक्या माणूस पाहिजे.' दुसरे, 'या मोबाइलने पोरे बिघडवली.' आणि तिसरे, एक लांब उसासा टाकून, 'आमच्या वेळचे खेळ आता राहिले नाहीत.' ही तिन्ही मते पुष्कळदा एकच गृहस्थ एका पानात उरकतो, आणि तेवढ्या वेळात खिशातला मोबाइल दोनदा काढून पाहतो.

अशा मतांकडे विद्वान मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. मला ते योग्य वाटत नाही. मतदानाच्या दिवशी बटण दाबणारे बोट याच गृहस्थाचे असते. म्हणून आज या तीन मतांचा मी एकत्र विचार करणार आहे, आणि तोही उलट क्रमाने. कारण तिसऱ्या मताच्या पोटात पहिल्या मताचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते. बोलणाऱ्याच्या मात्र ते ध्यानात आलेले नसते.

गेल्या काळाविषयीच्या या हुरहुरीला मराठीत 'स्मरणरंजन' असा गोड शब्द आहे. युरोपात मात्र तिचे नाव प्रथम रोगांच्या यादीत लागले. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्याने, घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना घराच्या आठवणीने जी क्षीणता येते, तिला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. म्हणजे ही व्यथा आधी स्थळाची होती, काळाची ती पुढे झाली. स्थळाच्या व्यथेवर उपाय सोपा होता. गाडीत बसून घरी जावे. काळाची गाडी परतीची नसते, म्हणून पानठेल्यावरचा उसासा इतका लांब असतो.

आता यातली गंमत पाहा. सत्तरीचे आजोबा विटीदांडूसाठी हळहळतात हे आपण समजू शकतो. पण त्यांच्या चाळिशीतल्या चिरंजीवांचे काय? त्यांच्या लहानपणी, १९९० नंतरच्या दशकात, टीव्हीला एक प्लास्टिकचे खोके जोडीत आणि त्यात कॅसेट खुपसली की मिशाळ मारिओ पडद्यावर उड्या मारू लागे. कॅसेट अडली तर बाहेर काढून तिच्यात जोराने फुंकर घालायची आणि पुन्हा बसवायची, हे शास्त्र प्रत्येक मुलाला अवगत होते. पुढे नोकियाच्या फोनवर तो लांबत जाणारा साप आला. आज हेच चिरंजीव रात्री सगळीकडे निजानीज झाली की मोबाइलवर जुन्या यंत्राची नक्कल उतरवून घेऊन तोच मारिओ खेळतात. एकट्या वर्ध्यातले नव्हेत, साऱ्या जगातले. म्हणून तर निन्टेन्डो कंपनीने २०१६ साली आपले जुने यंत्र लहान आकारात, तीस जुन्या खेळांसह पुन्हा विकायला काढले. चिरंजीवांचे म्हणणे असे की, आजच्या खेळांत ती मजा नाही. आणि त्या काळी त्यांचे वडील काय म्हणत होते? 'या डबड्याने पोरे बिघडवली!'

ज्या वस्तूला एका पिढीने शिव्या दिल्या तिच्यासाठीच दुसरी पिढी उसासे टाकते. तेव्हा नुसत्या उसाशावरून कोणत्याही खेळाची थोरवी ठरत नाही. विटीदांडूची बाजू मांडायची तर निराळा पुरावा आणला पाहिजे, आणि तो आपल्या भाषेतच आहे.

लपाछपीत ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' आले असे आपली मुले म्हणतात. हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारला आहे की, त्यातले आश्चर्य आपल्याला दिसेनासे झाले आहे. इतर सर्व मुले मोकळी असतात. ज्याच्यावर राज्य तो एकटा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून आकडे मोजतो. मग सर्वांना शोधत उन्हातान्हात हिंडतो. राज्य ही येथे भोगण्याची वस्तू नाही, अंगावर येणारी आणि फेडून टाकायची वस्तू आहे. प्रत्येकाची धडपड ती आपल्यावर येऊ नये यासाठी, आणि आलीच तर लवकर उतरावी यासाठी. पण राज्य अंगावर असताना कोणी घरी पळून गेला तर त्याला दुसऱ्या दिवशी गल्लीत तोंड दाखवण्याची सोय राहत नाही. राज्यकर्त्याला इतक्या खऱ्या अर्थाने नोकर करणारी व्याख्या मी राज्यशास्त्राच्या ग्रंथांत पाहिलेली नाही. शिवाय राज्य कोणावर, हे ठरते सर्वांसमक्ष, हात पालथे-उताणे टाकून. अगदी लहान पोर खेळायला आले तर ते 'कच्चा लिंबू'. त्याला खेळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. दुर्बळांच्या सवलतीचे हे कलम कोणत्या घटनासमितीने लिहिले? कोणीही नाही. ते मुलांनीच केले आणि मुलांनीच पाळले.

विटीदांडूचे तसेच. वकट, लेंड, मूंड, नाल हे मोजमापाचे शब्द आठवा. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या तेलुगु अंकांशी त्यांचे नाते उघड दिसते. कोण्या काळी ते शेजारच्या भाषेतून आले आणि आमच्या पोरांनी जिभेला सोसतील असे करून घेतले. पुढच्या शब्दांत तर गावोगाव पाठभेद आहे. म्हणून वर्ध्याचा मुलगा आर्वीला मामाकडे गेला की पहिल्या दिवशी खेळापेक्षा वादच अधिक होई: तुमच्याकडे विटी झेलली तर बाद की अर्धा बाद? त्या वादात तासभर जाई. घरातली मोठी माणसे म्हणत, 'पोरे भांडताहेत.' भांडत नव्हती. नियम करीत होती. आणि वाद मिटेचना तर अखेरचा तोडगा सर्वांना ठाऊक असे: 'जाऊ दे, डाव पुन्हा!'

या गल्लीतल्या नियमांचे पुढे ग्रंथही झाले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी आपल्या शेजारी अमरावतीला हनुमान व्यायामशाळा निघाली, आणि १९३६ मध्ये तिचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आले. हुतूतूचे तर तीन प्रकार नोंदले गेले. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत एकदा गेला तो गेला, आणि अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदान सोडत नाही, फक्त गुण जातो. आपले काही लोकप्रतिनिधी यांपैकी कोणता प्रकार खेळतात, हे मी श्रोत्यांवर सोपवतो.

पण स्मरणरंजनाचा दोष हा की, ते आपल्याला सोयीचे तेवढेच आठवते. गल्लीतला खेळ म्हणजे रामराज्य नव्हते. ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, हा कायदाही त्याच गल्लीतला. तो बाद झाला आणि रागावला तर बॅट काखोटीला मारून घरी जाई, आणि अकरा मुलांची सभा तेथेच बरखास्त होई. मुलींना ठिकरी आणि सागरगोटे, मैदान मुलांचे. आणि आणखी एक गोष्ट, जी हळहळणारे आजोबा सांगत नाहीत: कोणत्या वस्तीतली मुले कोणाबरोबर खेळत आणि कोणती मैदानाच्या कडेला उभी राहून नुसती पाहत? ज्या गावात लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांना खुले करायला १९२८ साल उजाडावे लागले, आणि तेही जमनालालजींना विरोध सोसून करावे लागले, त्या गावात खेळाचे अंगण सर्वांना आपोआप खुले असेल असे मानण्यात अर्थ नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या भाबड्या कौतुकावर जी टीका केली, ती जुन्या अंगणांनाही लागू पडते. तेव्हा नियम करण्याची सवय ही त्या खेळातली मोलाची वस्तू. त्या नियमसभेत कोणाला बसू दिले, हा त्यातला डाग.

आता यंत्राकडे वळू. टीव्हीला जोडलेल्या खेळाचा किंवा मोबाइलवरच्या खेळाचा पंच कोण? यंत्रच. हा पंच निःपक्षपाती असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तो बॅटच्या मालकाला झुकते माप देत नाही. मुलगी म्हणून कोणाला अडवत नाही. खेळणाऱ्याची जात त्याला ठाऊक नसते. भाड्याच्या दुकानात ठरलेले पैसे टाकणाऱ्या कोणत्याही पोराला मारिओ सारखाच वागवी. एवढा न्याय गल्लीने सर्वांना दिला नव्हता. पण या पंचाशी वाद घालता येत नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव याने टेट्रिस हा विटा रचण्याचा खेळ तयार केला. त्यात वीट कोणत्या वेगाने पडावी, हे खेळणाऱ्यांनी सभा भरवून ठरवलेले नाही. नियम डबीत बंद असतात, आणि 'डाव पुन्हा' याचा अर्थ यंत्रात एवढाच की, त्याच नियमांनी पुन्हा हरा. मुले यामुळे बिघडतात की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढे खरे की, पाच मुले शेजारी शेजारी बसून पाच पडद्यांवर खेळतात तेव्हा त्यांना एकमेकांची समजूत काढण्याचे कारणच पडत नाही.

या गावात यंत्राविषयी बोलताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. गांधीजी यंत्राचे शत्रू होते असे म्हणून आपण मोकळे होतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना बोलणे करता यावे म्हणून बसवलेला टेलिफोन सेवाग्राम आश्रमात पाहुण्यांना दाखवतात. तेथे तो गांधीजी असतानाच आला. शिवणयंत्राचे तर त्यांनी कौतुकच केले होते. आणि १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे लाख रुपये! त्या जाहिरातीच्या अटी मोठ्या बोलक्या आहेत. आठ तासांत भरपूर सूत निघाले पाहिजे, म्हणजे उत्पादनाची हौस कमी नव्हती. पण यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने ते चालले पाहिजे, बाईमाणसाला फार शीण न होता चालवता आले पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्चही बेताचा हवा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मात्र त्या अटींतून एक प्रश्न उभा राहिला, आणि तो मला आजही मोलाचा वाटतो: हे यंत्र बिघडले तर ते उघडून पाहण्याचा अधिकार आणि अक्कल चालवणाऱ्याकडे राहील काय? ३० डिसेंबर १९३८ रोजी मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले. तेथला घाणा पाहा, चूल पाहा, चरखा पाहा. प्रत्येक वस्तूचे पोट उघडे आहे. कुमारप्पांच्या अर्थशास्त्राला जे हसतात त्यांनी निदान हे उघडे पोट एकदा नीट पाहून यावे.

मोबाइलचे पोट आपल्याला उघडता येत नाही. ठीक, विमानाचेही येत नाही, आणि आपण विमानात बसतो. पण एक यंत्र असे आहे की, ज्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. ते म्हणजे मतदानाचे यंत्र. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी निराळी होती, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आपल्या हाताने कागद आत टाकायचा. यंत्र प्रथम केरळातल्या परूरला १९८२ साली आले. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक १९८४ मध्ये रद्द ठरवली, तेव्हा १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २००४ पासून लोकसभेचे सर्व मतदान यंत्रावर होऊ लागले. पेट्या पळवणे, शिक्क्यांचे ढीग मारणे हे प्रकार त्यामुळे अवघड झाले, हा लाभ लहान नाही. पुढे काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठीही आली.

तरीही २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने काय केले ते आठवा. आकडे पटले नाहीत म्हणून गावकऱ्यांपैकी काहींनी ३ डिसेंबरला गावापुरते कागदी मतदान पुन्हा घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी केली, पोलीस आले, आणि बेत सोडावा लागला. कायद्याच्या दृष्टीने प्रशासनाचे म्हणणे बरोबर होते. निवडणूक घेण्याचा अधिकार गावाला नाही, आणि झालेला निकाल कोणी गावकीने फिरवू लागला तर राज्य चालायचे नाही. यंत्रात खोट होती असा निर्वाळा मी देत नाही. तो देण्याला जे ज्ञान लागते ते माझ्यापाशी नाही. पण त्या मागणीची भाषा मला ओळखीची वाटली. ती गल्लीतली भाषा होती: 'डाव पुन्हा.' ज्याला आतले दिसत नाही तो पुन्हा मोजून मागतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला की, निवडणुकीतले मुख्य टप्पे तज्ज्ञ नसलेल्या सामान्य नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, आणि हरलेल्या उमेदवाराला ठरावीक प्रमाणात यंत्रे तपासून घेण्याची वाट मात्र मोकळी केली. जर्मनी आपल्याएवढा विस्तीर्ण नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा कल जितक्या अधिक चिठ्ठ्या मोजता येतील तितक्या मोजाव्या, या बाजूला आहे. निकाल एक दिवस उशिरा लागला तर कोणाचे काय जाते? पाच वर्षे थांबलेल्या माणसाला एक दिवस जड नाही.

यंत्रापेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांच्या मुदती २०२१-२२ च्या सुमारास संपल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात. मधली चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. नळाचे पाणी येत होते, दिवे लागत होते, झाडलोटही होत होती. काही ठिकाणी पूर्वीपेक्षा बरी, असे सांगणारे मला भेटले आहेत. आपल्या भागासाठी भांडायला हक्काचा एकही नगरसेवक नाही, याची खंत त्या चार वर्षांत पानठेल्यावर किती ऐकू आली? फारच थोडी. उलट 'बरे झाले, कटकट गेली' हेच अधिक. म्हणजे आपल्या गृहस्थाला हवा असलेला खमक्या माणूस त्याला सरकारी शिक्क्यासह मिळाला होता, आणि आपल्या अंगावरचे राज्य उतरले म्हणून तो सुखात होता.

येथे गल्लीतला नियम आणि आपली वृत्ती यांत फरक पडतो. गल्लीत राज्य कोणालाच नको असते, पण ते फिरते राहते. ज्या खेळात एकाच गड्यावर कायमचे राज्य देऊन बाकीचे लपून बसले, तो खेळ तेथेच संपतो. थोड्या वेळाने लपलेल्यांनाच कंटाळा येतो, किंवा भीती वाटू लागते. खमक्या माणूस कामे करीलही, पण नवा नियम करताना तो आम्हाला विचारणार नाही, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर 'डाव पुन्हा' म्हणायला वाव राहणार नाही.

ही सवय शाळेत लावता येते, असे मानणारी माणसे याच जिल्ह्यात होऊन गेली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली. आर्यनायकम पतिपत्नींनी सेवाग्रामला जी शाळा चालवली तिच्यात सूतकताईची चर्चा सर्वांना ठाऊक आहे. मुलांच्या आमसभेची कमी लोकांना. मुले आपले मंत्री निवडीत: कोणी सफाईचा, कोणी स्वयंपाकाचा. सफाईमंत्री म्हणजे संडास साफ करण्याची पाळी लावणारा आणि स्वतःही करणारा. ते खरेखुरे 'राज्य' होते, आणि मुदत संपली की दुसऱ्यावर जाई. पवनारला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथे सर्वानुमतीने निर्णय करण्याची रीत आहे. ती रीत मोठ्या गावाला झेपणार नाही, हे मला दिसते. लाखभर माणसांचे एकमत होईपर्यंत धाम नदीला दोन पूर येऊन जातील. मोजून मत घ्यावेच लागेल. पण मोजण्यापूर्वी बोलावे लागते, एवढे तरी पवनारकडून घ्यायला हरकत नसावी.

नियम करण्याची घाई कशी होते याचे उदाहरण खेळांच्याच क्षेत्रात नुकते घडले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी कित्येक घरे बुडवली, ही तक्रार खरी होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला; २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती. बंदीविषयी माझे भांडण नाही. जुगार तो जुगार, मग तो पिंपळाखाली असो की पडद्यावर. पण गल्लीत विटी झेलली तर बाद की अर्धा बाद, यालाही आम्ही तासभर देत होतो.

आपल्या पानठेल्यावरच्या गृहस्थाला मी एवढेच सुचवीन की, त्याने एखाद्या रविवारी सकाळी स्वावलंबी मैदानाकडे किंवा रामनगरातल्या कोणत्याही अरुंद गल्लीत चक्कर टाकावी. खेळ राहिले नाहीत, हे त्याचे मत तेथे टिकत नाही. मोबाइल बाळगणारीच ती पोरे असतात; हाती प्लास्टिकची बॅट, यष्टींच्या जागी विटांची चळत. एक टप्पा पडून झेल घेतला तरी बाद. चेंडू कोणाच्या गच्चीवर गेला तर बाद. भिंतीला थेट लागला तर चार, टप्पा पडून लागला तर दोन. गच्चीवरच्या आजी ओरडतात म्हणून दुपारी एक ते चार खेळ बंद, हाही नियम त्यांचाच. परवा त्यात एका मुलीला घेण्यावरून वाद चालला होता. ती घेतली गेली, आणि तिने दुसऱ्याच चेंडूवर नियम बदलायला लावला. चेंडू नालीत गेला तर आणायचा कोणी, याचे उत्तर मात्र चाळीस वर्षांपूर्वीचेच आहे: मारील तो आणील.